अर्भकांची कावीळ आणि पित्तनलिकेचा शोध : निदानपद्धतींचा ऐतिहासिक अभ्यास

सारांश

नवजात बालकांतील बहुतेक कावीळ निरुपद्रवी असते. परंतु काही थोड्या बालकांत ती पित्तनलिका बंद पडल्याची खूण असते. अशा बालकांवर जन्मानंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत शस्त्रक्रिया झाली तर यकृत वाचण्याची शक्यता मोठी असते, आणि विलंबाबरोबर ती घटत जाते. पित्तनलिका खुली आहे की बंद, हे शस्त्रक्रियेपूर्वी ओळखण्याच्या प्रयत्नांचा एकोणिसाव्या शतकापासूनचा इतिहास प्रस्तुत निबंधात मांडला आहे. त्यातही दुर्बिणीद्वारे केल्या जाणाऱ्या तपासणीवर विशेष भर दिला आहे. उपकरणे अधिकाधिक सूक्ष्म होत गेली, तरी निर्णायक घटक तपासणीची वेळ हाच राहिला आणि ही वेळ साधण्याचे काम अखेर शौचाच्या रंगाच्या साध्या निरीक्षणाकडे परत आले, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : नवजात कावीळ, पित्तनलिका, बिलिअरी अट्रेशिया, एंडोस्कोपी, ई.आर.सी.पी., कासाई शस्त्रक्रिया, वैद्यकाचा इतिहास

१. प्रस्तावना

जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात निम्म्याहून अधिक बालकांची त्वचा व डोळे पिवळसर दिसतात. बालकाचे यकृत अद्याप पूर्णपणे कार्यक्षम झालेले नसते; त्यामुळे जुन्या रक्तपेशींच्या विघटनातून निर्माण होणारा बिलिरुबिन हा पिवळा घटक काही दिवस रक्तात साठून राहतो. दोन आठवड्यांच्या आत ही कावीळ सहसा आपोआप ओसरते. आपल्याकडे घराघरांत बाळाला कोवळे ऊन दाखविण्याची जी रीत आहे, तिच्यामागे याच अनुभवाचा आधार आहे. ‘होते तशी जाते’ हा घरातील वडीलधाऱ्यांचा दिलासा बहुतेक वेळा खराही ठरतो.

तथापि, बहुतेक वेळा खरा ठरणारा दिलासाच काही थोड्या बालकांच्या बाबतीत घातक ठरतो. या बालकांत यकृतातून आतड्याकडे पित्त नेणाऱ्या नलिका दाह व व्रणामुळे आक्रसून बंद होतात. या विकारास वैद्यकीय परिभाषेत ‘बिलिअरी अट्रेशिया’ म्हणतात. युरोपात सुमारे पंधरा ते वीस हजार जन्मांमागे एक, तर तैवानमध्ये सुमारे पाच ते सहा हजार जन्मांमागे एक असे त्याचे प्रमाण आढळते. आतड्यात पित्त न उतरल्यामुळे शौच पांढरट होते, लघवी गडद पिवळी होते आणि अडलेले पित्त यकृतालाच इजा पोहोचवू लागते. उपचार न झाल्यास बहुतेक बालके दोन वर्षांच्या आत दगावतात. पहिल्या काही आठवड्यांत मात्र असे बालक चांगले दूध पिते, त्याचे वजन वाढते आणि ते निरोगी दिसते.

वैद्यकाच्या इतिहासलेखनात सामान्यतः शोधकर्ते व उपकरणे यांच्या क्रमवार नोंदीला प्राधान्य दिले जाते. प्रस्तुत विषयात ती पद्धत अपुरी पडते. येथे ‘काय शोधले’ याइतकाच ‘केव्हा शोधले’ हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण तीन महिन्यांनी झालेले अचूक निदान बालकाच्या बाबतीत बऱ्याच अंशी निरुपयोगी ठरते. म्हणून निदानपद्धतींचा इतिहास कालमर्यादेच्या संदर्भात तपासणे हे या निबंधाचे उद्दिष्ट आहे.

२. लक्षणांच्या नोंदीचा काळ

पित्ताचा मार्ग अडला की शौचाचा रंग जातो, हे निरीक्षण फार प्राचीन आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात पांडुरोगाच्या अध्यायात कामलेचे विवेचन येते. तेथे कफाने पित्ताचा मार्ग रोखला गेल्यास रोग्याचा मल वाटलेल्या तिळांसारखा होतो, असे सांगून या प्रकाराची चिकित्सा वेगळी सांगितली आहे. चरकाला अर्भकांचा हा विशिष्ट विकार ज्ञात होता, असा याचा अर्थ काढणे योग्य होणार नाही. मात्र ‘अडलेली कावीळ’ आणि ‘न अडलेली कावीळ’ यांतील भेद शौचाच्या रंगावरून करता येतो, ही जाणीव त्यात स्पष्टपणे दिसते.

अर्भकांच्या बाबतीत पाश्चात्त्य वैद्यकातील आरंभीची नोंद ग्लासगो येथील जॉन बर्न्स यांच्या प्रसूतिशास्त्रावरील ग्रंथात, एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात आढळते. बालकाची कावीळ पित्तमार्गाच्या असाध्य अवस्थेमुळे असू शकते, असे त्यांनी नमूद केले होते. पुढे एडिंबरोचे जॉन थॉमसन यांनी १८९१-९२ च्या सुमारास तोवरची सुमारे पन्नास प्रकरणे एकत्र करून या विकाराचे पहिले व्यवस्थित विवेचन केले. ही सर्व माहिती मुख्यतः मृत्यूनंतरच्या शवविच्छेदनातून मिळालेली होती. म्हणजेच या काळात निदान होत असे ते बालक गेल्यावर; जिवंत बालकाच्या दृष्टीने त्याला काहीच अर्थ नव्हता.

रक्ताच्या तपासणीने यात पहिला बदल घडविला. डच वैद्य हाइमान्स व्हान डेन बर्ग यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात एर्लिख यांच्या रासायनिक द्रावाचा उपयोग करून रक्तातील बिलिरुबिन मोजण्याची पद्धत विकसित केली. काही रुग्णांच्या रक्तात ही अभिक्रिया तत्काळ होते, तर काहींमध्ये मद्यार्क मिसळल्यावरच होते, हे त्यांच्या लक्षात आले. त्यातून ‘प्रत्यक्ष’ व ‘अप्रत्यक्ष’ बिलिरुबिन ही विभागणी रूढ झाली. यकृताने प्रक्रिया केलेले बिलिरुबिन म्हणजेच ‘प्रत्यक्ष’ बिलिरुबिन होय, हा उलगडा १९५०च्या दशकाच्या मध्यात झाला. नवजात बालकाच्या निरुपद्रवी कावीळीत अप्रत्यक्ष बिलिरुबिन वाढते, तर पित्तमार्ग अडला किंवा यकृत आजारी असले की प्रत्यक्ष बिलिरुबिन वाढते. आजही काविळीच्या बालकाची पहिली आणि सर्वांत स्वस्त छाननी याच भेदावर होते.

३. ‘असाध्य’ या शब्दाचे परिणाम

१९१६ मध्ये जॉन्स हॉपकिन्स येथील होम्स यांनी शंभराहून अधिक प्रकरणांच्या आधारे या बालकांचे दोन गट पाडले. ज्यांच्या नलिकेचा काही भाग यकृताबाहेर खुला असतो आणि तो आतड्याला जोडता येतो ते ‘दुरुस्त होण्याजोगे’, आणि ज्यांच्या सर्वच नलिका बंद असतात ते ‘दुरुस्त न होण्याजोगे’. १९२८ मध्ये बोस्टनचे शल्यविशारद विल्यम लॅड यांनी पहिल्या गटातील काही बालकांवर यशस्वी शस्त्रक्रिया केल्याचे प्रसिद्ध केले. त्यामुळे आशा निर्माण झाली. परंतु दुसरा गट संख्येने कितीतरी मोठा होता आणि त्याच्या कपाळी ‘असाध्य’ हा शिक्का कायम राहिला.

या वर्गीकरणाचा परिणाम निदानपद्धतीवरही झाला. बहुसंख्य बालकांसाठी उपचारच नाही असे एकदा गृहीत धरले की, लवकर निदान करण्याचे प्रयोजनच उरत नाही. शिवाय याच लक्षणांचा आणखी एक विकार होता. नवजात बालकांच्या यकृतदाहातही कावीळ लांबते, प्रत्यक्ष बिलिरुबिन वाढते आणि कधीकधी शौचही फिकट होते. या विकारात नलिका मात्र खुली असते. दोहोंतील फरक ओळखण्याचा एकमेव खात्रीचा मार्ग म्हणजे पोट उघडून पाहणे. अर्जेंटिनाचे मिरिझी यांनी १९३०च्या दशकाच्या आरंभी शस्त्रक्रियेच्या वेळी पित्तमार्गात क्ष-किरणांना दिसणारे द्रव्य सोडून चित्र घेण्याची पद्धत रूढ केली होती. हीच पद्धत पुढे अर्भकांच्या निदानात अंतिम कसोटी मानली गेली. पण त्यासाठी बालकाला भूल देऊन पोट उघडावे लागे, आणि ज्या बालकाला यकृतदाह असे त्याच्यावर ही शस्त्रक्रिया विनाकारण होई.

या कोंडीला जपानमध्ये वाट फुटली. सेंदाई येथील तोहोकू विद्यापीठाचे मोरिओ कासाई (१९२२-२००८) यांनी १९५५ मध्ये ‘असाध्य’ गटातील एका बालिकेवर शस्त्रक्रिया केली. यकृताच्या मुखाशी होणारा रक्तस्राव थांबविण्यासाठी त्यांनी आतड्याचा भाग तेथे टेकवून शिवला आणि पुढे त्या बालिकेच्या शौचात पित्ताचा रंग दिसू लागला, असे सांगितले जाते. बाहेरच्या नलिका बंद असल्या तरी यकृताच्या मुखाशी डोळ्यांना न दिसणाऱ्या अतिसूक्ष्म नलिका काही काळ खुल्या असतात, हे या अनुभवातून आणि नंतरच्या सूक्ष्मदर्शकीय अभ्यासातून स्पष्ट झाले. बंद झालेला व्रणयुक्त भाग काढून आतड्याचा वेढा थेट यकृताच्या मुखाशी जोडणे ही पुढे ‘कासाई शस्त्रक्रिया’ म्हणून जगन्मान्य झाली. १९५९ मध्ये ती जपानी भाषेत प्रसिद्ध झाली. इंग्रजी वाचकांपर्यंत पोहोचण्यास आणखी नऊ वर्षे लागली. ज्ञानाचा प्रसार भाषेच्या सीमेवर कसा अडतो, याचे हे एक बोलके उदाहरण आहे.

४. सन १९६८ : तीन लेख, तीन दिशा

प्रस्तुत विषयाच्या इतिहासात १९६८ हे वर्ष विशेष महत्त्वाचे आहे. या एकाच वर्षात परस्परांशी संबंध नसलेल्या तीन ठिकाणांहून तीन लेखन प्रसिद्ध झाले.

पहिले बोस्टनचे. थॅलर व गेलिस यांनी यकृतदाह असलेल्या बालकांचा दीर्घ अभ्यास करून असे दाखविले की, केवळ निदानासाठी पोट उघडलेल्या बालकांची पुढील प्रकृती, तसे न केलेल्या बालकांपेक्षा वाईट राहिली. म्हणून शस्त्रक्रियेची घाई करू नये, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता. दुसरे सेंदाईचे. कासाई व त्यांच्या सहकाऱ्यांनी आपली शस्त्रक्रिया इंग्रजी नियतकालिकातून मांडली. तिचे यश बालकाच्या वयावर अवलंबून असल्याने शस्त्रक्रियेला विलंब करू नये, हे त्यातून पुढे आले. तिसरे वॉशिंग्टनचे. शल्यविशारद विल्यम मॅक्क्यून व सहकाऱ्यांनी तोंडावाटे दुर्बीण घालून, लहान आतड्याच्या आरंभीच्या भागात उघडणाऱ्या पित्तमार्गाच्या मुखात बारीक नळी सरकविल्याचे वृत्त दिले. त्यांचे रुग्ण प्रौढ होते. अर्भकांचा विचारही त्या लेखामागे नव्हता.

एका बाजूला ‘थांबा’, दुसऱ्या बाजूला ‘त्वरा करा’, असे हे चित्र होते. दोन्ही सल्ले आपापल्या जागी प्रामाणिक व पुराव्यावर आधारलेले होते. यकृतदाहाचे बालक समोर असेल तर बोस्टनचा सल्ला योग्य होता, नलिका बंद असलेले बालक असेल तर सेंदाईचा. परंतु समोरचे बालक कोणते, हेच तर ठाऊक नव्हते. पोट न उघडता पित्तनलिका पाहता आली, तर दोन्ही सल्ल्यांतील विरोध मिटणार होता. ती शक्यता वॉशिंग्टनच्या लेखात दडलेली होती.

५. दुर्बिणीचा प्रवास

शरीराच्या आत डोकावण्याची इच्छा जुनी आहे. जर्मन वैद्य कुसमाउल यांनी १८६८ मध्ये तलवार गिळण्याचा खेळ करणाऱ्या एका कलावंताच्या जठरात सरळ नळी घालून पाहिले होते. १९३२ मध्ये शिंडलर यांनी काही अंशी वाकणारी दुर्बीण तयार केली. तथापि, प्रकाश आणि प्रतिमा वळणावळणाच्या मार्गाने कशी न्यावी, हा मूळ प्रश्न सुटलेला नव्हता.

त्याचे उत्तर काचेच्या तंतूंनी दिले. १९५४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधील हॅरॉल्ड हॉपकिन्स व नरिंदर सिंग कपानी यांचा, काचेच्या तंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा वाहून नेण्यासंबंधीचा लेख प्रसिद्ध झाला. त्याच अंकात डच शास्त्रज्ञ व्हान हेल यांचाही याच विषयावरचा लेख होता. पंजाबातील मोगा येथे जन्मलेले व आग्रा विद्यापीठात शिकलेले कपानी पुढे तंतुप्रकाशशास्त्राचे एक जनक म्हणून ओळखले गेले. २०२१ मध्ये भारत सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर केले. हा लेख वाचूनच प्रेरित झालेले बेसिल हर्शोविट्झ यांनी अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात १९५७ मध्ये वैद्यकीय उपयोगाची पहिली लवचिक तंतुदुर्बीण वापरली आणि आरंभी ती स्वतःच्याच घशातून घालून पाहिली.

पित्तमार्गाचे मुख आतड्याच्या भिंतीवर बाजूला असते. समोर पाहणाऱ्या दुर्बिणीला ते नीट दिसत नाही. जपानमध्ये ओई व इतर संशोधकांनी उपकरण-निर्मात्यांच्या साहाय्याने १९६९-७० च्या सुमारास बाजूला पाहणारी दुर्बीण प्रत्यक्षात आणली आणि मॅक्क्यून यांनी दाखविलेली गोष्ट नित्याची झाली. दुर्बिणीतून बारीक नळी पित्तमार्गात घालायची, तीतून द्रव्य उलट दिशेने वर सोडायचे आणि क्ष-किरणांवर नलिकांचे चित्र घ्यायचे, अशी ही पद्धत ई.आर.सी.पी. या आद्याक्षरांनी ओळखली जाऊ लागली. १९७४ मध्ये जर्मनीत क्लासेन व डेमलिंग यांनी आणि जपानमध्ये कावाई यांनी याच मार्गाने पित्तमार्गाचे मुख रुंद करून खडे काढण्याची पद्धत सुरू केली. प्रौढांच्या बाबतीत दुर्बीण आता निदानाबरोबर उपचाराचेही साधन झाली.

६. अर्भकाच्या पित्तनलिकेपर्यंत

अर्भकाच्या बाबतीत मात्र अडचणी वेगळ्या होत्या. प्रौढांसाठीच्या दुर्बिणीची जाडी एक सेंटिमीटरहून अधिक असते. तान्ह्या बाळाच्या घशातून ती नेताना लगतच्या श्वासनलिकेवर दाब पडतो, म्हणून पूर्ण भूल द्यावी लागते. पित्तमार्गाचे मुख टाचणीच्या टोकाएवढे असते. या परिस्थितीत १९७६ मध्ये न्यूयॉर्कचे जेरोम वे यांनी साडेतीन महिन्यांच्या बालकावर ही तपासणी केल्याचे वृत्त दिले. अर्भकातील ही पहिली नोंद मानली जाते. तांत्रिक दृष्ट्या ती मोठी झेप होती. परंतु या बालकाचे वय लक्षात घ्यावयास हवे. कासाई यांच्या मोजमापाने साडेतीन महिने म्हणजे उशीर झालेला होता.

१९८०च्या दशकात जपानच्या ऑलिम्पस कंपनीने बालकांसाठी सुमारे साडेसात मिलिमीटर जाडीची, बाजूला पाहणारी दुर्बीण तयार केली. तिच्यातील उपकरणे घालण्याची पोकळी जेमतेम दोन मिलिमीटरची होती. त्यामुळे तिचा उपयोग मुख्यतः निदानापुरता होता. व्हेनेझुएलातील काराकास येथे मोइसेस गेलरूड यांनी या दुर्बिणीने काविळीच्या बालकांची तपासणी करून १९९१ मध्ये आपले निष्कर्ष मांडले. बिलिअरी अट्रेशियात या तपासणीत दिसणाऱ्या चित्रांचे त्यांनी प्रकार पाडले. एका प्रकारात पित्तनलिका मुळीच भरत नाही. दुसऱ्यात तिचा खालचा भाग तेवढा दिसतो. तिसऱ्यात नलिकेचा बराच भाग व पित्ताशय भरतात, पण यकृताच्या मुखाशी मार्ग तुटलेला असतो किंवा तेथे पित्ताची लहान डबकी दिसतात. नलिका वरपर्यंत भरली, तर बिलिअरी अट्रेशियाची शंका मिटते आणि शस्त्रक्रिया टळते. पित्तनलिकेची जन्मजात गाठ किंवा घट्ट पित्ताचा अडथळा अशा अन्य कारणांचाही उलगडा याच चित्रातून होतो.

त्यानंतरच्या दोन दशकांत जपान, ब्रिटन, नेदरलँड्स, जर्मनी व चेक प्रजासत्ताक येथील निवडक केंद्रांतून असे अनुभव प्रसिद्ध होत राहिले. २००९ मध्ये हानोफर येथील पीटरसन व सहकाऱ्यांनी, या तपासणीमुळे शंकित बालकांपैकी काहींचे पोट उघडण्याची वेळ टळली, असे दाखविले. त्याच वर्षी लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयातून, अन्य तपासण्यांनी उलगडा न झालेल्या निवडक बालकांतच ती वापरावी अशी भूमिका मांडली गेली. २०१० मध्ये प्राग येथील काइल व सहकाऱ्यांनी शंभराहून अधिक बालकांचा अनुभव प्रसिद्ध केला. कुशल हातांत ही तपासणी बहुतेक बालकांत यशस्वी होते, हे या सर्वांतून सिद्ध झाले. ‘कुशल हात’ मात्र जगभरात मोजक्याच ठिकाणी होते, आणि आजही तीच स्थिती आहे. प्रौढांवर हजारो तपासण्या केलेल्या तज्ज्ञालाही दोन महिन्यांच्या बालकावर ती करण्याचा प्रसंग क्वचितच येतो.

७. अनुपलब्धीचा प्रश्न

या तपासणीची खरी मर्यादा मात्र कौशल्यापेक्षा तर्कशास्त्राशी संबंधित आहे. नलिका चित्रात दिसली, तर ती खुली आहे हे निर्विवाद ठरते. ती दिसली नाही, तर दोन शक्यता उरतात. एक, नलिका खरोखर बंद आहे. दोन, नळी योग्य जागी गेली नाही किंवा द्रव्य पुरेसे चढले नाही.

भारतीय ज्ञानमीमांसेत या प्रश्नाची चर्चा फार पूर्वी झालेली आहे. भाट्ट मीमांसकांनी अनुपलब्धी, म्हणजे वस्तू न आढळणे, हे अभावाच्या ज्ञानाचे स्वतंत्र प्रमाण मानले. पण त्याला ‘योग्यानुपलब्धी’ची अट घातली. वस्तू तेथे असती तर ती निश्चित आढळली असती, अशी परिस्थिती असेल तरच तिचे न आढळणे हा तिच्या अभावाचा पुरावा ठरतो. उजेडात घडा दिसला नाही तर तो नाही असे म्हणता येते. अंधारात म्हणता येत नाही. इतिहासाच्या अभ्यासकांना दप्तरात न सापडलेल्या कागदाच्या बाबतीत हाच विवेक ठेवावा लागतो.

दुर्बिणीच्या तपासणीखेरीज अन्य पद्धतींनाही हीच अट लागू पडते. १९७०च्या दशकाच्या मध्यात किरणोत्सारी द्रव्य शिरेतून देऊन ते पित्तावाटे आतड्यात उतरते का, हे पाहण्याची ‘हायडा’ तपासणी आली. द्रव्य उतरले तर मार्ग खुला. न उतरल्यास मार्ग बंद असेल, किंवा यकृतच ते उचलण्यास असमर्थ असेल. १९५८ पासून मेंघिनी यांच्या सुईने यकृताचा तुकडा काढणे सुलभ झाले, पण पहिल्या काही आठवड्यांत सूक्ष्मदर्शकाखालील चित्र संदिग्ध असू शकते. १९९६ मध्ये कोरियातील संशोधकांनी सोनोग्राफीत यकृताच्या मुखाशी दिसणाऱ्या त्रिकोणी पट्ट्याचे वर्णन केले. ही एक होकारात्मक खूण होती, म्हणून तिचे महत्त्व; परंतु ती न दिसल्याने विकार नाही असे म्हणता येत नाही. २०१७ पासून रक्तातील ‘एम.एम.पी.-७’ या घटकाच्या मापनाने नवी आशा निर्माण केली आहे. यांपैकी कोणतीही एक तपासणी एकटी पुरेशी ठरत नाही. सोनोग्राफी, रक्त व यकृताचा तुकडा यांच्या एकत्रित विचारानंतर, बहुतेक केंद्रांत अखेरची खात्री आजही शस्त्रक्रियेच्या मेजावर, मिरिझी यांच्या पद्धतीनेच केली जाते. दुर्बिणीची तपासणी हा उरलेल्या संदिग्ध बालकांसाठीचा, मर्यादित पण मोलाचा टप्पा ठरला.

८. शौचाच्या रंगाकडे परत

या सर्व तपासण्या एका गृहीतावर उभ्या आहेत. ते म्हणजे बालक वेळेत रुग्णालयात पोहोचलेले आहे. कासाई शस्त्रक्रियेसंबंधी सामान्यतः असे मानले जाते की, साठ दिवसांच्या आत ती झाल्यास सुमारे दोन-तृतीयांश किंवा त्याहून अधिक बालकांत पित्तप्रवाह सुरू होतो, तर नव्वद दिवसांनंतर हे प्रमाण एक-पंचमांशाच्या आसपास येते. शस्त्रक्रिया अयशस्वी झाल्यास यकृत प्रत्यारोपण हाच मार्ग उरतो. १ मार्च १९६३ रोजी डेन्व्हर येथे थॉमस स्टार्झल यांनी केलेल्या मानवातील पहिल्या यकृत प्रत्यारोपणाचा रुग्ण याच विकाराचा तीन वर्षांचा बालक होता, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. तो वाचू शकला नाही. प्रत्यारोपण पुढे यशस्वी झाले. पण तान्ह्या बालकासाठी ते आजही मोठे, खर्चिक व आयुष्यभराच्या औषधोपचाराशी बांधणारे आहे.

वेळ साधण्याचा उपाय जपानमध्ये अगदी साध्या रूपात पुढे आला. १९९४ मध्ये तोचिगी प्रांतात मात्सुई व सहकाऱ्यांनी शौचाच्या रंगांची छापील चित्रपट्टी मातांना देण्यास सुरुवात केली. बाळाच्या शौचाचा रंग पट्टीशी ताडून, महिन्याच्या तपासणीच्या वेळी ती परत द्यावयाची होती. तैवानने २००२ मध्ये प्रायोगिक व २००४ मध्ये राष्ट्रीय पातळीवर ही पट्टी बालकाच्या आरोग्यपुस्तिकेत समाविष्ट केली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तैवानच्या अभ्यासानुसार, पट्टी येण्यापूर्वीच्या बालकांपैकी पाच वर्षांनंतर स्वतःच्या यकृतासह कावीळमुक्त असणाऱ्यांचे प्रमाण सुमारे २७ टक्के होते. पट्टीनंतरच्या गटात ते सुमारे ६४ टक्के झाले. या काळात शस्त्रक्रियेच्या तंत्रात काही मूलगामी क्रांती झालेली नव्हती. मुख्य फरक बालके लवकर येण्याचा होता. जपाननेही २०१२ मध्ये ही पट्टी माता-बाल आरोग्यपुस्तिकेत घातली.

म्हणजे चरकसंहितेत नोंदविलेली खूण, दोन हजार वर्षांच्या आसपासचा प्रवास करून, छापील कागदाच्या रूपाने मातेच्या हाती आली. फरक इतकाच की, पूर्वी ती वैद्याची दृष्टी होती. आता ती घरातील दृष्टी झाली.

९. भारतीय संदर्भ

भारतात यकृत प्रत्यारोपणाला १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने वैधानिक चौकट मिळाली. १९९५ मध्ये हा कायदा ज्या राज्यांत प्रथम अमलात आला, त्यांत महाराष्ट्र व गोवा यांचा समावेश होता. १९९८ मध्ये दिल्लीच्या अपोलो रुग्णालयात बालकावरील पहिले यशस्वी यकृत प्रत्यारोपण झाले. तो बालकही बिलिअरी अट्रेशियाचाच रुग्ण होता. तंत्रज्ञानाच्या दृष्टीने देश मागे नाही, हे यावरून दिसते.

परंतु बालरोगतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेच्या पुढाकाराने २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या सहमती-अहवालात, अशी बालके तज्ज्ञांकडे सरासरी तीन महिन्यांच्या वयात पोहोचतात, असे खेदाने नमूद केले होते. अपेक्षित वय चार ते सहा आठवडे होते. या विलंबाची कारणे केवळ अंतर व खर्च यांत शोधणे पुरेसे नाही. कावीळ आपोआप जाते हा अनुभव, बाळ चांगले दूध पीत असल्याचे समाधान, कावीळ ‘उतरविण्याच्या’ गावठी उपायांवरचा भरवसा, आणि लसीकरणाच्या भेटीत शौचाच्या रंगाविषयी कोणी न विचारणे, या सर्वांचा तो एकत्रित परिणाम आहे.

येथे महाराष्ट्राशी निगडित एक प्रयोग विचारात घेणे अगत्याचे वाटते. गडचिरोली येथे डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातील प्रशिक्षित महिलांमार्फत नवजात बालकांची घरोघरी काळजी घेण्याची पद्धत विकसित केली. तिचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. याच धर्तीवर २०११ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात आशा कार्यकर्तींच्या गृहभेटी सुरू झाल्या. संस्थेतील प्रसूतीनंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी या भेटी अपेक्षित असतात. दोन आठवड्यांनंतर टिकलेली कावीळ तपासावी, हा आंतरराष्ट्रीय बालरोगतज्ज्ञ संघटनांच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांचा गाभा आहे. चौदाव्या दिवसापासूनच्या चारही भेटी साठ दिवसांच्या मर्यादेच्या आत येतात. या भेटींत शौचाचा रंग पाहण्याचा एक प्रश्न नियमितपणे विचारला गेला, तर सुमारे पाऊण सेंटिमीटरच्या दुर्बिणीला जे साधले नाही ते साधण्याची शक्यता आहे.

१०. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) अर्भकांच्या पित्तनलिकेच्या निदानाला गती मिळाली ती कासाई शस्त्रक्रियेमुळे. उपचार शक्य झाल्यावरच लवकर निदानाची निकड निर्माण झाली. ‘असाध्य’ या वर्गीकरणाने तोवर रोग्याबरोबर जिज्ञासाही थोपवून धरली होती.

२) १९६८ मधील ‘थांबा’ आणि ‘त्वरा करा’ या दोन परस्परविरोधी सल्ल्यांच्या मध्ये जी जागा होती, ती भरण्याचा प्रयत्न म्हणजे अर्भकांतील दुर्बिणीची तपासणी होय. अनावश्यक शस्त्रक्रिया टाळणे हे तिचे खरे योगदान आहे; नलिका बंद असल्याचे सिद्ध करण्यात मात्र ती, अनुपलब्धीच्या अटीमुळे, मर्यादित राहते.

३) परिणामांत मोठी सुधारणा ज्या उपायाने घडली, तो तंत्रदृष्ट्या सर्वांत साधा होता. याचा अर्थ सूक्ष्म उपकरणे निरर्थक ठरतात असा नाही. पट्टीवरून शंका घेता येते, निर्णय देता येत नाही. निर्णयासाठी प्रयोगशाळा, सोनोग्राफी, प्रसंगी दुर्बीण व अखेरीस शल्यविशारद लागतोच. मात्र या साखळीची पहिली कडी घरात आहे, आणि ती निसटली तर पुढच्या सर्व कड्या असूनही हाती काही लागत नाही.

वैद्यकाचा इतिहास लिहिताना शोधकर्त्यांच्या नावांबरोबर, ‘दोन आठवडे झाले, बाळ अजून पिवळे का?’ असे प्रथम विचारणाऱ्या माता, आजी, दाई व आरोग्यसेविका यांनाही स्थान द्यावे लागेल. त्यांची नावे कोणत्याही नियतकालिकात छापली गेली नाहीत. तरीही या इतिहासातील साठ दिवसांची मर्यादा ज्या बालकांनी पाळली, ती प्रामुख्याने त्यांच्या प्रश्नामुळेच.